गोल पाठीचं मॅन्डोलिन, आहे त्या स्थितीत

तळवडे
गुरुवार, १७ जुलै २०२५

सुजित,

नंबर ब्लॉक केलास, व्हॉट्सअ‍ॅपवरून उडवलंस, ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. फाडायचं असेल तर वाचून फाड, कारण यात तुझ्या कामाची बातमी आहे.

मी मॅन्डोलिन घेतलं. गोल पाठीचं. तुला वाजवायला शिकवणाऱ्या खडकीच्या सरांकडे होतं ना, अर्धा भोपळा कापून त्यावर पाटी बसवल्यासारखं दिसायचं, तसंच. इटलीतलं आहे, शंभरी ओलांडलेलं. बांद्र्यातल्या कुठल्याशा बंगल्यातलं जुनं सामान विकायला निघालं आणि मुंबईच्या एका लिलाव कंपनीच्या वेबसाइटवर आलं. मी स्वरूपाला केव्हापासून सांगून ठेवलं होतं की असलं काही दिसलं तर आईला आधी कळव. तुझी भाची वाकडच्या त्या काचेच्या ऑफिसात बसून दिवसभर कॉम्प्युटरच बघते, त्यातलं थोडं माझ्यासाठी बघितलं तर काय बिघडलं!

फोटो सुंदर होता. पण खाली बारीक अक्षरात काय लिहिलं होतं ते ऐक. पाठीच्या दोन पट्ट्या सुटलेल्या. वरच्या पाटीला उभी चीर, शिवाय पाटी मधून वाकलेली. तारा नाहीत. तारांखालची घोडी नाही. मानेच्या टोकाची खाचांची पट्टी नाही. आणि सगळ्यात शेवटी, ‘आहे त्या स्थितीत, नंतर तक्रार चालणार नाही.’ स्वरूपा म्हणाली, “आई, हे भंगार आहे.” मी म्हटलं, “बाई गं, मला हेच पाहिजे.” का, ते आत्ता सांगत नाही.

लिलाव संपायची वेळ नेमकी भर दुपारची. मी विक्कीच्या टेम्पोत, मागे चाकणच्या फाउंड्रीचा माल, आणि मोशीपासून पुढे ट्रेलरला ट्रेलर चिकटलेला. स्वरूपा म्हणाली होती की मीटिंग आहे, मला जमेल न जमेल, म्हणून तिनं माझ्या फोनवरही खातं उघडून ठेवलं होतं. मी बोली लावली. लगेच कुणीतरी वर चढलं. मी अजून वर. ते अजून वर. त्या वेबसाइटची तऱ्हा अशी की शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की वेळ वाढते. विक्की म्हणाला, “मॅडम, सोडा. समोर मोठी पार्टी दिसते.” मी म्हटलं, “पार्टी गेली खड्ड्यात, तू गिअर सांभाळ.” माझ्या अंगात आलं होतं रे. तेवढ्यात स्वरूपाचा फोन. “आई, कुणीतरी हलकट मेला सारखा माझ्यावर चढतोय!”

हलकट मेला मीच! मायलेकी एकमेकींवर बोली चढवत होतो आणि तिसरं कुणी त्या भंगाराकडे ढुंकूनही बघत नव्हतं. विक्कीनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं. हसून हसून मागचे हॉर्न ऐकू येईनात. किमतीचं विचारू नकोस, मी कुणालाच सांगितलेली नाही.

मग कंपनीची एक मुलगी फोनवर माझी माहिती घेत होती. व्यवसाय काय, म्हणाली. म्हटलं, पॅटर्नमेकर. आम्ही लाकडाचा हुबेहूब पार्ट बनवतो, फाउंड्रीवाले त्यावरून वाळूत साचा पाडतात आणि त्यात लोखंड ओततात. तुमच्या गाडीत जे जे ओतीव आहे, ते आधी आमच्याकडे लाकडात होतं. ती म्हणाली, “वॉव.” वडलांचं, अप्पांचं शॉप चालवणारी बाई म्हणून वॉव, की लाकूड म्हणून, ते काही कळलं नाही.

आता तुझ्या रागाचं. तो मला तोंडपाठ आहे. बँडसॉवर, त्या पट्ट्याच्या करवतीवर, तुझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं पेरांपासून गेली. तू दवाखान्यात होतास आणि मी तेच मशीन पुन्हा चालू केलं. तुला ते कळलं तेव्हा तू म्हणालास, ‘माझं रक्त पुसून तिनं काम घेतलं.’ हो, पुसलं. मीच पुसलं, दुसऱ्या कुणाला फडकं हातात घेऊ दिलं नाही. आणि मशीन चालू केलं, कारण ते आणखी चार दिवस बंद राहिलं असतं तर त्याच्यासमोर पुन्हा कुणीही उभं राहिलं नसतं. मीसुद्धा नाही. आजही तसंच करीन. चालू मशीनमधून तुकडा काढायला हात तू घातलास. त्याची माफी मी मागणार नाही, आणि तू मागावीस असंही माझं म्हणणं नाही.

पण तू तुझं मॅन्डोलिन विकून टाकलंस. मंजुषाला घेऊन तिच्या माहेरी चिपळूणला गेलास आणि मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत बसलास. डावा हात दिवसभर खिशात असतो म्हणे. गाणं लागलं की रेडिओ बंद करतोस. हे मला चालणार नाही. मी हे वाद्य उभं करणार आणि तू ते वाजवणार. कान उघडे ठेवून ऐक, मी विचारत नाहीये, सांगतेय.

ताई

ता.क. मंजुषा मला काहीएक कळवत नाही. उगाच तिच्यावर डोळे वटारू नकोस.


तळवडे
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

सुजित,

सोबत राखी आहे. एखादा दिवस उशिरा पोचेल, तेवढं पोस्टाला माफ कर. बांधायची नसेल तर दुकानातल्या काट्याला बांध, तो तरी माझ्यासारखा सरळ आहे.

मॅन्डोलिन आलं. खोकं उघडलं तेव्हा शॉपमधले सगळे गोळा झाले. काय काम केलंय रे त्या माणसानं! पाठीच्या पट्ट्या शिसवी, कागदाएवढ्या पातळ, आणि प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना निमुळती. आपण कमानीच्या पॅटर्नला फळ्या लावतो तशाच, पण आपल्या पट्ट्या बोटभर जाड असतात आणि तरी आपल्याला घाम फुटतो. गोल भोकाभोवती शिंपल्याचं काम आहे, त्यातला एक तुकडासुद्धा हललेला नाही. बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आत होती, ती उंदरानं खाल्ली. नेपल्स एवढं वाचता येतं.

लोक म्हणाले फेव्हिकॉल मारा. मी म्हटलं, खबरदार! अप्पांचा सरसाचा डबा माळ्यावरून काढला, नवा सरस आणला, डबल भांड्यात वितळवला. अख्ख्या शॉपला तो वास सुटला. तुला आठवतो? आपण शाळेतून आलो की नाक दाबून जिना चढायचो. सरसाचं बरं असतं, चुकलं तर गरम सुरी फिरवायची, सांधा सुटतो. तशीच सुरी फिरवून मी वरची पाटी अख्खी उचलली, कुठे टवकासुद्धा उडाला नाही. पाठीच्या दोन्ही पट्ट्या बसवल्या. आता डोळे मिटून बोट फिरव, कुठली सुटली होती सांगता येणार नाही. चीर आतून पातळ चकत्या लावून जोडली.

पण खरी करामत पुढेच. ती पाटी वाकलेली होती ना, ती मी सरळ केली! सपाटी तपासायच्या सरफेस टेबलवर ठेवली, खालून फीलरची पातळ पट्टी घातली, तर घोडीच्या जागेमागे चांगला उजेड दिसत होता. इतकी वर्षं तारांनी ओढून ओढून वाकवली असणार. ओलं फडकं, गरम इस्त्री, वर ओतीव ठोकळ्याचं वजन, आणि दिली ठेवून. काढली तेव्हा आरशासारखी सपाट. फीलर कुठेच शिरेना. शंभर वर्षांचा बाक एका बाईनं काढला, सांग तुझ्या मेव्हण्याला.

आता एकच अडचण आहे. पाटी सपाट झाली, पण पाठीच्या वाटीवर ठेवली की बसत नाही, मागच्या बाजूला फट राहते. पाटीबरोबर वाटीची कडही तशीच वाकलेली दिसते. काही मोठं काम नाही. येत्या गुरुवारी सुट्टी आहे, शॉप रिकामं असेल, तेव्हा वाटीची कड रंध्यानं मारून सपाट करते. रंध्याला धार लावून ठेवली आहे.

तुझा आवाज ऐकून बरीच वर्षं झाली. कुणी विचारलं तर मी सांगते, भाऊ कोकणात असतो, मजेत आहे. लोक म्हणतात, वा वा.

ताई


तळवडे
गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५

सुजित,

गणपती बसले. तुझ्या वाटचे दोन मोदक मी खाल्ले.

त्या गुरुवारचं तुझ्याच तोंडावर पुन्हा सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. मी शॉपमध्ये एकटी. वाटी शिकंजात, भोवती फोम, हातात रंधा. फोन वाजला, मंजुषाचं नाव. उचलला तर तू, ना नमस्कार ना चमत्कार.

“ताई, रंधा खाली ठेव!”

“कोण बोलतंय?” मी मुद्दाम विचारलं.

“रंधा खाली ठेव आधी! कड मारलीस का?”

“नाही अजून. आत्ताच लावणार होते.”

“अक्कल गहाण ठेवलीस का? तो बाक मुळातलाच असतो! बनवतानाच घोडीच्या मागे पाटी तापवून वाकवतात. आठ तारांचा जोर त्या बाकावर तोलला जातो. सपाट पाटी लावून तारा चढवल्या तर सगळं पोटात जाईल. आणि वाटीची कड त्याच बाकाला धरून कापलेली असते. ती एकदा रंधलीस की संपलं, चूल पेटवायच्या कामाची राहील ती!”

मी रंधा खाली ठेवला. ठेवला म्हणजे काय, हातातून सुटलाच.

मी चुकले. लिहून देते, जयमाला चुकली. लिलाववाल्यांनीही तो बाक मोडतोडीतच धरला होता, पण त्यांचं सोड, ते लाकूडवाले नाहीत. मी लाकडावर जन्म काढला. आपल्या धंद्यात एखादी गोष्ट टेबलावर टेकली नाही की ती बिघडली, रंधा घ्या आणि टेकवा. मुद्दाम वाकवलेलं असेल असं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. बरं झालं पत्र वेळेत पोचलं. आपल्या पोस्टखात्याचा विजय असो.

एवढ्या वर्षांनी भाऊ बोलला तो शिव्या देत बोलला, आणि मी फोन कानाला लावून हसत उभी. तुला वाटलं असेल ताई ठार वेडी झाली. नंतर रडलेसुद्धा, शिकंजाला धरून. तू बोललास रे. एवढं पुरे झालं मला त्या दिवशी.

मग बाक परत आणायच्या मागे लागले. माप कुठून आणायचं? तर वाटीच्या कडेवरच अख्खं लिहिलेलं, त्या माणसानं सोडलं होतं तसं. मी ती कड जशीच्या तशी सागवानात उतरवली, वरचा आणि खालचा असे दोन साचे केले. हे आपलं काम, यात मला कुणी शिकवायला नको. लाकूड वाकवायला लोखंडी पाइप तापवला, पाटी ओली केली, हळूहळू बाक दिला आणि दोन्ही साच्यांमध्ये धरून ठेवली. मध्ये एकदा ‘कट्’ असा आवाज आला. दिवा जवळ आणून बघितलं. पण चीर पडली नव्हती, माझी जुनी चकती सुटली होती. वाळल्यावर पाटी वाटीवर ठेवली. टेकली रे. सगळीकडून, एका दमात. सरस लावून बसवून टाकली.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. फोन कापण्याआधी तू विचारलंस, “कुणासाठी करतेस हे? वाजवणार कोण?” आणि उत्तर ऐकायला थांबला नाहीस. पहिल्या पत्रात एक गोष्ट मी राखून ठेवली होती, ती आता ऐक.

चाकणच्या गाड्यांचे पार्ट आपण किती केले? दर दुसऱ्या ड्रॉइंगखाली काय लिहिलेलं असतं? ‘दाखवला आहे तो एलएच. आरएच उलट.’ डाव्या बाजूचा पार्ट काढून देतात, उजव्या बाजूचा आपण आरशातून काढतो. कुणी त्याचं वेगळं ड्रॉइंग देत नाही, आणि आपणही मागत नाही. अप्पांनी आपल्याला पहिलं हेच शिकवलं होतं.

मग मॅन्डोलिनचा उलट पार्ट का नको? तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणून मान दाबता येत नाही. कबूल. पण तारा छेडायची नखी धरायला लागतं काय? अंगठा आणि तर्जनी. दोन्ही शाबूत. मान दाबायला चार बोटं लागतात, ती उजव्या हाताला चारही आहेत. मान उजवीकडे धरायची, डाव्यानं छेडायचं. तारा उलट्या क्रमानं चढवायच्या. म्हणूनच मला हे गोल पाठीचं हवं होतं, दोन्ही अंगांनी सारखं असतं ते. आणि म्हणूनच मोडकं हवं होतं. घोडी नाही, खाचांची पट्टी नाही, जे उलटं बसवायचं तेच नाही. चांगलं घेतलं असतं तर दुसऱ्याचं काम खरवडून काढावं लागलं असतं. घोडी आणि पट्टी मी करतेय, आरएचची एलएच. स्वरूपाला भंगार वाटलं, मला पहिल्या फोटोतच तुझं नाव दिसलं.

तू म्हणशील, या वयात उजव्या हाताला काय येणार? अरे शहाण्या, पहिल्यांदा डाव्या हाताला तरी काय येत होतं! तू शिकत होतास तेव्हा आई कानात कापूस घालून भाकऱ्या थापायची. शेजारच्या घरमालकानं अप्पांना विचारलं होतं, पोराला दुसरा काही छंद लावता येत नाही का. आणि मग वर्षभरात तोच घरमालक पोरीच्या हळदीला तुला बोलवायला आला. तो दिवस तुला आठवत नसेल, मला आठवतो. मी हळदीच्या मांडवात सगळ्यांना सांगत होते, माझा भाऊ आहे.

ताई


तळवडे
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

सुजित,

उत्तर नाही. चालेल. मंजुषा मला काही कळवत नाही हे तर तुला माहीतच आहे. तरी कुठून तरी कानावर आलं की परवा तू उजव्या हाताची नखं कापलीस, अगदी मुळापासून, आणि बायकोनं विचारलं तर म्हणालास, ‘वाढली होती.’ तारा दाबायच्या हाताचीच वाढली, डाव्या हाताची मात्र नाही वाटतं?

तारा चढल्या. स्वरूपा सुट्टी काढून आली होती, फोनवर सूर बघून एकेक पिळत होती. शेवटच्या जोडीला मी फटाक्याची वात पेटवल्यासारखी मागे सरकून उभी राहिले. तुझे शब्द डोक्यात होते, सगळं पोटात जाईल. गेलं नाही. बाकानं जोर पेलला. दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी बघितलं, पाटी जिथल्या तिथे. तू त्या गुरुवारी फोन केला नसतास तर आज माझ्या हातात फळकुटं असती. हे वाद्य निम्मं तू वाचवलंस, माझ्याइतकं तुझंही आहे. उगाच उपकाराचं ओझं घेऊ नकोस, मला तसलं आवडत नाही.

मला वाजवता येत नाही. एकदा एक तार छेडून बघितली. लेथ चालू होतं, तरी तो आवाज शॉपच्या टोकाला गेला आणि तिथल्या माणसानं मान वर केली. मग मी हात लावला नाही. ज्याचं काम त्यानंच करावं.

आता कामाचं. १ ऑक्टोबरला, बुधवारी, खंडेनवमी आहे. आपल्या शॉपची पूजा अप्पा करायचे, नंतर तू, आणि तू गेल्यापासून मी करते. पटाशा, रंधे, मशीनं, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. यंदा तू ये. पूजेपुरता ये. नारळ फोड, मॅन्डोलिन डोळ्यांनी बघ. परत जावंसं वाटलं तर संध्याकाळची चिपळूणची गाडी आहे, मी अडवणार नाही. एका शब्दानं अडवणार नाही.

इथपर्यंत मी सगळं चढ्या आवाजात लिहिलं, कारण मला तसंच येतं. पण खरं सांगू का, मला तुझी फार आठवण येते. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की अजूनही वाटतं तूच. शॉप चालतंय, ऑर्डरी आहेत, स्वरूपाचं छान आहे, कशाला काही कमी नाही. फक्त मला ‘ताई, अक्कल आहे का’ असं विचारणारं या गावात कुणी उरलं नाही.

ये रे.

ताई


तळवडे
२ ऑक्टोबर, दसरा, सकाळ

सुजित,

तू झोपलायस, म्हणून उशीपाशी ही चिठ्ठी.

काल रागावलास ते रागावलास, पण माझं एकदा ऐकून घे. तू आलास. सगळ्यांना भेटलास. नारळ फोडलास तोही शटरबाहेर, दगडावर. आत पाऊल टाकलं नाहीस. बँडसॉला माळ घातलेली तू लांबूनच बघितलीस आणि तुझा हात खिशात गेला, तेही मी बघितलं. मॅन्डोलिन पाटावर होतं, पटाशा आणि रंध्यांच्या मधे, हळदीकुंकू लावलेलं. तू म्हणालास, “आणून दे ना बाहेर, बघतो.” मी म्हटलं, “आज नाही. पूजेला बसलंय.”

“ताई, तूच बोलावलंस ना बघायला!”

“डोळ्यांनी बघ म्हटलं होतं. खंडेनवमीला पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा अप्पांचा दंडक. तुला माहीत होता.”

“म्हणजे मी आज जायचं नाही?”

“गाडी आहे की. जा.”

तू शिव्या दिल्यास. विक्कीसमोर दिल्यास. आणि मग मंजुषाला फोन करून म्हणालास, उद्या येतो. हा डाव होता का म्हणून विचारलंस. होता. मी तुला एका शब्दानं अडवणार नाही म्हटलं होतं, अप्पांनी अडवलं त्याला मी काय करू?

जेवताना तू डावा हात ताटाशेजारी ठेवला होतास. सगळा वेळ. मी बघितलं. बघ, मला गप्प बसताही येतं.

आता ऐक. पहाटे खाली जाऊन मी उत्तरपूजा करून आले. अक्षता वाहिल्या, पाट हलवला. आता उचलायला हरकत नाही. पण मी ते वर आणून देणार नाही, आणि कुणाला आणायलाही सांगणार नाही. शॉपची किल्ली उशीखाली आहे. आज सुट्टी, आत कुणी नाही. बँडसॉचा मेन फ्यूज मी काढून माझ्या पिशवीत घातलाय, तेव्हा ते नुसतं लोखंड आहे. पाट त्याच्या पुढ्यात आहे, तुला तिथंच जावं लागेल. उचलायचं असेल तर उचल. नसेल उचलायचं तर किल्ली परत उशीखाली ठेव, मी दुपारी पुरणपोळ्या करीन, खा आणि जा, आणि मी तुला यापुढे पत्र लिहिणार नाही. हे मात्र खरंच.

नखी पाटावर ठेवली आहे. सूर उतरले असतील, तुझे तू लाव. उलटं धरायचं आहे. पहिल्यांदा विचित्र वाटेल. चुकशील. चुकत जा. तुझं चुकलेलं ऐकायची मला सवय आहे, मी लहानपणापासून तेच ऐकत आले.

शटर हवं तर आतून अर्ध्यावर ओढून घे. मी समोर आहे, शालनबाईंची चहाची टपरी आज बंद आहे, पण बाहेर त्यांचं बाकडं आहे, तिथं. तिथून आतलं काही दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येईल. आज सगळ्या एमआयडीसीत एकसुद्धा मशीन चालू नाही.

ताई